पट्टी बुडाली

तुम्ही माझ्या वडिलांना खोटारडं ठरवलंत. आणि ठरवताना जे हत्यार वापरलंत, ते मी बनवलेलं होतं. पहिली गोष्ट तुमच्याच कागदावर शिक्क्यासकट छापलेली आहे. दुसरी तुम्हाला माहीत नाही, किंवा माहीत असून तुम्ही गप्प आहात. या दोन्हींतलं खरं काय ते शेवटी विचारणार आहे. आधी झालं काय ते सगळं सांगते, कारण हे वाचणारे तुम्ही एकटे नाही.

वडिलांचं नाव हिरामण खोमणे. आम्ही आप्पा म्हणतो. तुमच्या पाटबंधारे खात्याच्या गवळदरा धरणावर तेवीस वर्षं पाझर मोजायचं काम. धरण मातीचं आहे. मातीचं धरण पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. किती पाझरतं आणि पाणी कसं येतं, एवढंच बघायचं असतं. ते पाणी पायथ्याच्या चरातून वाहत येतं आणि एका लोखंडी पत्र्याला पाडलेल्या खाचेतून पुढं पडतं. खाच खाली टोकदार, वर रुंद. खाचेत पाणी किती उंच चढलंय ते शेजारच्या पितळी पट्टीवर बघायचं. पट्टीवर सरकता काटा आहे, त्यानं मिलिमीटरचा दहावा भाग वाचता येतो. रोज सकाळी आठला आकडा वहीत लिहायचा. काम एवढंच. पण या खाचेचं गणित सरळ नाही. वर रुंद असल्यामुळं उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. म्हणून पट्टीवरचा बोटभर फरक हा खरं तर बोटभर नसतो.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी आप्पांबरोबर जायचे. म्हणजे शनिवारी. रविवारी आप्पा जायचेच नाहीत. रविवारी आमच्याकडं मटण असायचं आणि आप्पा ओट्यावर बसून कांदे चिरायचे. एकदा मी वही उघडून बघितली तर रविवारचा आकडा भरलेला.

"आप्पा, गेलाच नाही तर आकडा कुठनं आला?"

"कालचंच टाकलं."

"पण पाणी बदललं असलं तर?"

"पाणी काय रविवारी पाव्हण्याकडं जातंय व्हय? कांदं घे इकडं."

हे आप्पा एकटे करायचे असं समजू नका. प्रत्येक धरणावर, प्रत्येक पर्जन्यमापकावर, प्रत्येक विहिरीच्या नोंदवहीत 'कालचंच' असतं. तुमच्या खात्यात नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी हे शिकवतात, मग पट्टी वाचायला.

मी बारावीला गणितात राहिले. नंतर तालुक्याला एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात मला 'ठिपके' सापडलं. ठिपके म्हणजे आलेख काढायचा आणि मोजमापं तपासायचा फुकट प्रोग्रॅम. फुकट ही त्यातली बारकी गोष्ट. मोठी गोष्ट अशी की तो आतून उघडा आहे. आकडे आत गेल्यावर त्यांचं काय होतं ती प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते. अट एकच: बदललेलंही उघडं ठेवायचं. तो कुणा एकाचा नाही. रत्नागिरीचा मासळीवर शिकणारा एक जण, परभणीचे हवामानवाले, नागपूरच्या भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हरदासकाकू, अशा दोनेकशे लोकांनी तो लिहिलाय. ठिपक्याचा स्वभाव त्याच्या नावात आहे. जे मोजलं त्याचा ठिपका. मोजलं नाही तिथं मोकळी जागा. मोकळ्या जागेवरून तो रेघ ओढत नाही.

मी त्याच ओळी वाचून प्रोग्रॅम लिहायला शिकले. २०३३ साली ठिपक्यात माझा पहिला तुकडा घेतला गेला. गाळणी होती ती. विचार असा: वाहतं पाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लागोपाठ दोन दिवस तेच राहात नाही. म्हणून आकडा कालच्याशी तंतोतंत जुळला, तर तो मोजलेला नाही, उतरवलेला आहे. लाल करा आणि हिशेबातून काढा. गाळणीला मी नाव दिलं 'कालचंच'. हरदासकाकूंनी खाली लिहिलं, "छान. हे पुण्यातल्या एसी खोलीत बसून कुणाला सुचलं नसतं."

तपासायला माझ्याकडं एकच वही होती. आप्पांची.

दुसऱ्या दिवशी आप्पा डबा घेऊन दुकानात आले, तेव्हा त्यांचं एक वर्ष पडद्यावर होतं.

"हे लाल काय गं?"

"रविवार."

आप्पांनी चष्मा लावला आणि एकेका लाल ठिपक्यावर बोट ठेवत गेले. गिऱ्हाईक आलं, गेलं.

"आणि हे चार एका ओळीत?"

"दिवाळी."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. डबा ठेवून गेले. पुढच्या रविवारी आईनं मसाला वाटायला घेतला तर आप्पा सायकल काढत होते. त्यानंतर आमच्याकडं मटण दुपारी दोनला व्हायला लागलं, आणि आप्पांच्या वहीत एकही लाल ठिपका आला नाही. आठ वर्षं. हे मी नाही सांगत, गाळणी सांगते.

२०३८ साली तुम्ही 'सलग' आणलंत.

सलगची कल्पना हुशार आहे, ते मान्य करते. प्रत्येक धरणाची, नदीची, विहिरीची जुनी मोजमापं त्याला शिकवली. धरणात किती पाणी असताना किती पाझर, हे त्याला न मोजता सांगता येतं, आणि शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर येतं. कुठं यंत्र बंद पडलं, तार चोरीला गेली, माणूस आजारी पडला, तर सलग ती जागा स्वतः भरतं. आलेखात भोक राहात नाही. साहेबलोकांना भोक आवडत नाही. इथपर्यंत ठीक होतं. मग तुम्ही दोन गोष्टी केल्यात. चौकशीत पुरावा म्हणून फक्त सलगचा शिक्का असलेला आलेख चालेल, असा नियम केलात. आणि प्रत्येक मोजणाऱ्या आणि त्यावर सही करणाऱ्या माणसाला विश्वासांक दिलात, शून्य ते एक. माणसाचा आकडा सलगच्या अंदाजाशी जुळला की अंक वाढतो, नाही जुळला की घटतो. अंक घटला की त्या माणसाच्या मागच्या नोंदींचंही वजन कमी होतं. म्हणजे माणसानं यंत्र तपासायचं होतं, तर यंत्र माणूस तपासायला लागलं. त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण यंत्र सत्त्याण्णव वेळा बरोबर असतं. धरण फुटतं ते उरलेल्या तीन वेळांत.

आप्पांचा विश्वासांक शून्य पूर्णांक ब्याण्णव होता. तो त्यांनी गावात सगळ्यांना सांगितला होता. हॉटेलात चहा पिताना कुणी थाप मारली की आप्पा विचारायचे, "तुझा किती रं?"

२०४१च्या ऑक्टोबरात धरण काठोकाठ होतं. आप्पांच्या वहीत त्या दिवसांतले आकडे असे: ९७.३. ९८.१. १०४.६. १६३.२. मग २००.०. आणि तो धरून अकरा दिवस रोज २००.०.

बाराव्या दिवशी तुमचं पत्र आलं. 'सलग अकरा दिवस नोंदी न घेता काल्पनिक आकडे भरल्याबद्दल' निलंबन. विश्वासांक शून्य पूर्णांक अकरा. सोबत शिक्क्याचा आलेख. त्यावर त्या अकरा दिवसांत ९८ वरून ९५ वर उतरणारी गुळगुळीत रेघ.

हॉटेलात आता उलटं झालं. आप्पा आत शिरले की बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, आज चहा पिला का कालचाच धरायचा?" आप्पांनी हॉटेल सोडलं.

आता माझं सांगते. मी पत्र वाचलं, अकरा वेळा २००.० बघितलं, आणि आप्पांवर विश्वास ठेवला नाही.

"आप्पा, खरं सांगा. घरी बसला होता ना?"

आप्पांनी पत्राची घडी घातली.

"मला सांगितलं तर काही मार्ग काढता येईल. गुडघा दुखत होता, असं लिहू."

"तुझ्या मशिनला विचार," आप्पा म्हणाले, आणि उठून गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा दिवस यांची चप्पल रोज वली होऊन येत होती. पायथ्याला पाणी साठलंय म्हणत होते. मी रोज चुलीपुढं वाळवली. आता चप्पल पण खोटं बोलती व्हय?"

मी आप्पांची मूळ वही मागून घेतली. तुमच्या ऑनलाइन फॉर्मात फक्त आकड्याची चौकट असते. कागदी वहीत शेवटी 'शेरा' म्हणून रकाना असतो, तो तुमच्या फॉर्मात नाही. त्या रकान्यात आप्पांच्या अक्षरात अकराही दिवस एकच वाक्य होतं: पट्टी बुडाली.

पट्टी दोनशे मिलिमीटरची आहे. पाणी तिच्या वर गेलं होतं. मग आप्पांनी दोनशे तीस, दोनशे चाळीस असं का लिहिलं नाही? कारण १९९८चं तुमचंच परिपत्रक आहे, धरणाच्या चौकीतल्या भिंतीवर काच लावून ठेवलंय: अंदाजे आकडा लिहू नये, पट्टीवर दिसेल तोच लिहावा. पट्टीवर दिसणारा शेवटचा आकडा २००.०. आप्पांनी तुमचा नियम पाळला.

मी ते आकडे ठिपक्यात घातले. मला वाटलं, आपल्याकडं तरी खरं दिसेल.

ठिपक्यानं अकरातले दहा लाल करून फेकून दिले.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझी स्वतःची आठ वर्षांपूर्वीची ओळ वाचली. आकडा कालच्याशी जुळला तर उतरवलेला. पट्टी संपली तरी आकडा जुळतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी रविवारच्या कांद्यावरून नियम केला होता. पट्टी बुडालेली मी कधी बघितली नव्हती, कुणीच बघितली नव्हती. माणूस जेव्हा आळशी असतो आणि धरण जेव्हा फुटायला निघतं, तेव्हा दोन्हीकडं वहीत एकच दिसतं: तोच आकडा पुन्हा.

मी चूक सगळ्यांसमोर लिहिली. कुठल्या ओळीत, कशी, कुणामुळं. दोन तासांत सहा जणांनी तपासली. हरदासकाकूंनी लिहिलं, "या ओळीला मी 'छान' म्हणाले होते. चुकीच्या नोंदीत माझंही नाव घाल, वैजू. एकटीनं घेऊ नकोस." संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली: पट्टीची कमाल मर्यादा आधी विचारायची, आकडा मर्यादेवर असेल तर फेकायचा नाही, वर बाण काढायचा. 'निदान इतकं, जास्तही असेल', असा त्याचा अर्थ. ही दुरुस्ती आजही कुणालाही वाचता येते.

पण सलगनं ते अकराही का फेकले, हे कळत नव्हतं. सलग कुलूपबंद आहे.

आठ दिवसांनी शाखा अभियंता मुल्लासाहेब दुकानात आले. तेच आप्पांचे वरिष्ठ. निलंबनाच्या पत्रावर सही त्यांचीच.

"वैजूताई, याच्या दोन प्रती काढा."

मी काढल्या. सलगच्या आतल्या तपशिलाचं पान होतं, प्रत्येक नाकारलेल्या नोंदीपुढं कारण. दहा ओळी, दहा वेळा एकच कारण: कालचंच. अकराव्यापुढं, म्हणजे पहिल्या २००.० पुढं, 'हात चुकला'. त्याच्या आधीच्या १०४.६ आणि १६३.२ पुढं, 'विश्वासांक अपुरा'.

माझ्या घरातला शब्द. माझ्या गाळणीचं नाव. सलग बनवणाऱ्या तुमच्या ठेकेदारानं ठिपके घेतलं, आत घातलं, वर कुलूप लावलं. नाव बदलायचेही कष्ट घेतले नाहीत.

मुल्लासाहेबांनी मूळ कागद आणि एक प्रत उचलली. दुसरी काउंटरवर राहिली.

"साहेब, ही राहिली."

"मी एकच काढायला सांगितली होती," ते म्हणाले. मग दारातून वळून, "खोमणे रोज येत होते. मी दोनदा बघितलं. पण आलेखात नाही ते माझ्या सहीत येत नाही, ताई. माझा अंकही शून्य पूर्णांक सहासष्टवर आलाय."

डिसेंबरात चौकशी झाली. तुमचे अधिकारी सभ्य होते. आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी ठिपक्याचा आलेख पुढं केला. त्यांनी तो उलटून मागची बाजू बघितली. शिक्का नव्हता.

"फुकटचं सॉफ्टवेअर," ते म्हणाले. "त्याची जबाबदारी कुणाची?"

"त्यातल्या चुकीखाली माझं नाव आहे," मी म्हटलं. "तुमच्यातल्या चुकीखाली कुणाचं आहे?"

त्यांनी आप्पांपुढं एक फॉर्म सरकवला. त्यात एकच वाक्य होतं. 'मी सदर दिवशी जागेवर गेलो नाही.' यावर सही केली की कबुली सलगच्या अंदाजाशी जुळते. जुळली की विश्वासांक लगेच शून्य पूर्णांक साठ होतो. निलंबन मागं, त्याच दिवशी कामावर हजर. तुमचं यंत्र खोटं कबूल करणाऱ्याला खरा माणूस मानतं. हे मी रागानं म्हणत नाही, त्याची रचनाच तशी आहे.

मी आप्पांच्या कानाशी वाकले. "करा सही. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. कामावर गेल्यावर परत मोजता येईल."

"आणि हे अकरा दिवस?"

"ते जातील."

आप्पांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, कोरा कागद द्या. मला कबुली द्यायचीय."

त्यांनी दिला. आप्पांनी बसून लिहिलं. २०१८ ते २०३३ सगळे रविवार, दिवाळीचे दिवस, गावची जत्रा, धाकट्या चुलत्याचं लग्न. या दिवशी मी गेलो नाही, कालचंच टाकलं. खाली सही. "हे मी खोटं लिहिलं. ते अकरा दिवस खरं लिहिलं. दोन्ही नोंदवा."

अधिकाऱ्यांनी कागद सलगमध्ये घातला. उत्तर मिनिटभरात आलं: 'सदर नोंदी अपेक्षित मर्यादेत आहेत. दुरुस्तीचे कारण नाही.' त्या वह्या 'कालचंच'च्या नियमाआधीच्या, त्यांना गाळणी कुणी लावलीच नाही. सलगला धरण कसं वागतं हे ज्यांवरून शिकवलं, त्याच त्या. आप्पांचे खोटे रविवार तुमच्याकडं खरे म्हणून पक्के आहेत. खरे अकरा दिवस खोटे म्हणून.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "रविवारचं मला लागतंय. तुला मी कांदं चिरता चिरता खोटं शिकवलं, ते तू मशिनला शिकवलं."

"मी पण तुम्हाला विचारलं ना, घरी बसला होता का."

"विचारलंस."

एवढंच. आम्ही बसस्टॉपकडं चालायला लागलो. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी परत पहिल्यासारखं बोलायला लागले.

आप्पांच्या जागेवर तुम्ही कुणालाही नेमलं नाही. सलगला माणूस लागत नाही. गवळदऱ्याच्या पायथ्याला आज जो एकमेव माणूस जातो तो निलंबित आहे. आप्पांनी सागाची साडेतीनशे मिलिमीटरची पट्टी करून घेतली. तिच्यावर दहावा भाग कळत नाही, मिलिमीटर कळतो. रोज सकाळी आठला ते आकडा घेतात आणि काचेच्या बाटलीत पाणी भरून आणतात. आकडा मी ठिपक्यात टाकते. एक दिवस त्यांना ताप होता, तिथं मोकळी जागा आहे. बाटल्या दुकानात फळीवर तारखेनं लावल्यात. झेरॉक्सला येणारे विचारतात, तीर्थ आहे का. पहिल्या बाटल्या नितळ आहेत. मार्चपासूनच्या तळाला नखाएवढा पिवळा गाळ बसतो. नितळ पाझर म्हणजे धरण पाणी सोडतंय. गढूळ पाझर म्हणजे धरण स्वतःला सोडतंय, आतली माती पाण्याबरोबर बाहेर येतेय. हे कळायला विश्वासांक लागत नाही, उजेडात बाटली धरावी लागते.

आता एप्रिल आहे. धरणात पाणी कमी, तरी आजचा आकडा ८८ आहे. तेवढ्याच पाण्याला मागच्या आठही एप्रिलांत, आप्पा रोज जात होते त्या आठही वर्षांत, तो ५२च्या वर कधी गेला नाही. सलगचा आजचा अंदाज ५१ आहे. शिक्क्यासकट.

एक जुलैला तुम्ही दारं उतरवून धरण भरायला घेणार आहात. खाली आमचं गाव आहे. आठशे चाळीस माणसं आहेत, त्यात माझी आई आहे, हॉटेलातले ते सगळे आहेत.

नोकरी परत मागत नाही. माफीही मागत नाही. मला एका ओळीचं उत्तर पाहिजे. 'कालचंच' नावाची माझी चुकलेली ओळ तुमच्या सलगमध्ये अजून आहे की नाही, आणि असली तर ती धरून किती धरणांचे आलेख तुम्ही शिक्का मारून ठेवलेत?

रोजच्या आकड्याखाली मी एक रकाना वाढवलाय, तुमच्या उत्तराचा. तो तारखेनिशी मोकळा दिसतो, आणि ज्याला बघायचाय त्याला बघता येतो. ठिपके मोकळी जागा स्वतःहून भरत नाही. ती तुम्हालाच भरावी लागेल. आहे की नाही?